मावशी, नऊवारी, कोकण

आमच्या बाई उतारावर सायकल हातात धरून चालत आणि चढावर तिच्यावर बसत. रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला यातलं नवल वेगळं समजावून सांगायला नको. इथे घरातून निघालं की एक तर उतार लागतो नाही तर चढ. सपाट रस्ता मिळाला तर माणूस दचकतो.

"उतारावर सायकल आपली नसते रे," बाई म्हणायच्या. "चढावर निदान कळतं, कोण कोणाला नेतंय ते."

चढ अर्धा झाला की त्यांना धाप लागे. मग उतरून जांभ्या दगडाच्या कुंपणाला, गडग्याला टेकत, पिशवीतलं पुस्तक काढत, दोन-चार पानं वाचत आणि पुन्हा सायकलवर बसत. घरापासून वाचनालयापर्यंत त्यांचं एक प्रकरण वाचून होई. येणारी-जाणारी माणसं "बाई, आज कुठवर?" असं विचारत, आणि बाई रस्त्याचं उत्तर न देता पुस्तकाचं देत. "नवरा घर सोडून गेला. बरं झालं," असं काहीतरी. विचारणारा हसून पुढे जाई. नवीन असेल तर मात्र घाबरे.

त्या आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या आणि मी त्यांचा मदतनीस. वाचनालयाचं नाव सांगत नाही. खाली बेकरी आणि वर आम्ही, एवढी खूण पुरे. दुपारी खाली नानकटाईचे पत्रे भट्टीतून बाहेर यायला लागले की वर वाचकांचं लक्ष उडे. बाईंच्या हिशेबाने आमच्याकडे तीन ते चार या वेळात फक्त मासिकंच वाचली जात; कादंबरीला तो वास सोसत नाही.

मी बी.ए. होऊन नुकताच आलो होतो. वडील मिरकरवाड्याला दुसऱ्याची मासेमारी बोट हाकणारे तांडेल, आई सुकी मासळी विकते. घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिलाच. पहिल्या दिवशी बाईंनी माझा अर्ज वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "घरात पदवी घेतलेला तू पहिलाच का?"

"हो."

"मग तुला पदवीधर म्हणते. घरात दुसरा झाला की नाव बदलू."

तेव्हापासून माझं खरं नाव त्या इमारतीत कोणी घेतलं नाही. बेकरीवालासुद्धा जिन्याखालून "पदवीधर, चहा आलाय" अशी हाक मारी. सुरुवातीला मला वाटे की ही थट्टा आहे. नंतर लक्षात आलं, बाईंना त्या शब्दाची माझ्यापेक्षा जास्त ऐट होती.

पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला की बाई त्याला 'कान मुरगळणं' म्हणत. कोणी कान मुरगळलेलं पुस्तक परत आणलं की शिक्षा ठरलेली: ते पान काउंटरसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. एका निवृत्त फौजदारांनी एका ऐतिहासिक कादंबरीतला प्रेमप्रसंग असा खणखणीत आवाजात वाचला होता, की खालून पावाचं गिऱ्हाईक वर ऐकायला आलं. फौजदारांनी नंतर खुणेसाठी एसटीची तिकिटं वापरायला सुरुवात केली.

बाईंची दुसरी गोष्ट म्हणजे विषय नेमका करणं. "शेतीवरचं एखादं पुस्तक द्या" असं कोणी म्हटलं की त्या कपाटाकडे जायच्याच नाहीत. "कसली शेती? भात की बागायत? बागायत, तर कलमं की नारळ-सुपारी? कलमांचं काय बिघडलंय?" अशी उलटतपासणी चाले. एकदा असा एक आंबेवाला वीस मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर काकुळतीला येऊन म्हणाला की शेतीचं काही नाही हो, बांधावरून सख्ख्या भावाशी वाजलंय. बाईंनी त्याला जमिनीच्या कायद्याचं एक आणि विनोदी कथांचं एक अशी दोन पुस्तकं दिली. कायदा त्याने चार दिवसांत परत आणला. विनोदी पुस्तक महिन्याने परत आलं, ते त्याच्या भावाने आणलं.

"पुस्तक सापडत नाही तेव्हा दोष पुस्तकाचा नसतो," बाई मला सांगत. "प्रश्न मोघम असतो. प्रश्न नेमका करत जा, म्हणजे उत्तराला लपायला जागा राहत नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. पुढे याच वाक्याने आमचा घात केला.

वाचनालयाच्या दारात दोरीला बांधलेली एक प्रश्नवही होती. कोणीही यावं, काहीही लिहावं. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बाई त्या आठवड्याचे प्रश्न घेत. विमानात डास शिरला तर तो दुसऱ्या देशात जगतो का? खेकडा आडवा का चालतो? 'माझ्या नवऱ्याचा आवाज वाढलाय की माझे कान तीक्ष्ण झालेत?' या प्रश्नाला बाईंनी वहीतच उत्तर लिहिलं होतं: 'दोघांनी मिळून यावे, तपासू.' ती दोघं खरंच आली होती.

मुंबईकर मंडळींनी वाचनालयाला संगणक आणि प्रोजेक्टर भेट दिला, तेव्हा शनिवारची रंगत वाढली. बाई आता उत्तरं भिंतीवर शोधत. आधी स्वतः बघून ठेवावं, मग लोकांना दाखवावं, हे त्यांना मान्य नव्हतं. "शोधताना चुकतं कसं, तेही लोकांना दिसू दे. नाही तर त्यांना वाटेल मला सगळं येतं." संगणकाशी त्या आदराने बोलत. "हं, आता आपण खेकडा दाखवा बघू," असं म्हणून बटण दाबत, आणि खेकडा दिसला की "आभारी आहे." एरवी त्या संगणकाचा पडदा दाराकडे तोंड करून ठेवलेला असे. जे चारचौघांदेखत शोधता येत नाही ते वाचनालयात शोधायचं नाही, हा नियम त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून वर टांगला होता.

अपवाद फक्त माझा, आणि तोही चारचौघं नसण्याच्या वेळेपुरता. मी सकाळी साडेसातला वाचनालय उघडायचो. वाचक साडेआठला येत. तो एक तास मी त्या संगणकावर बसून नोकऱ्यांचे अर्ज भरत असे. बाईंनीच तशी परवानगी दिली होती.

त्या शनिवारी लांज्याकडच्या एका गावातून बचत गटाच्या चार बायका आल्या होत्या. गट कोकमाचं आगळ, म्हणजे सरबताला लागणारा खारवलेला रस, करून बाटल्या विकणार होता. नाव ठरलं होतं, 'मावशीचं आगळ'. बाटलीवर लावायला एका मावशीचं चांगलं चित्र हवं होतं. गटप्रमुख ताईंनी तसं प्रश्नवहीत रीतसर लिहिलं होतं. त्यांच्याबरोबर सत्तरीच्या एक आजी होत्या. आगळ घालण्याचं मूळ ज्ञान त्यांचं.

सभागृहात तीस-पस्तीस माणसं असतील. पहिल्या रांगेत वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणजे ऐकायला कमी येणारे निवृत्त डॉक्टर, आणि त्यांच्या शेजारी कार्यवाह. कार्यवाह फार शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या सदऱ्याचं गळ्याजवळचं बटणसुद्धा मेमध्ये लावलेलं असायचं.

बाईंनी 'मावशी' एवढाच शब्द घातला आणि म्हणाल्या, "हं, दाखवा."

भिंतीवर चौकोन उमटायला लागले. पहिल्यात वाढदिवसाचा केक होता. दुसऱ्यात एक बाई तुळशीला पाणी घालत होती. मग बाकीचे चौकोन भरले. त्यांचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की त्या बायकांच्या अंगावर कपडे फार थोडे होते, आणि जे होते तेही नेमून दिलेल्या जागी नव्हते. प्रत्येकीच्या खाली मात्र स्वच्छ मराठीत 'मावशी' लिहिलं होतं.

खाली बेकरीत पत्रा आपटल्याचा आवाज आला, तेवढाच.

मग त्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "ह्या कोणाच्या मावश्या गो?"

दुसऱ्या कोणीही अशा वेळी यंत्र बंद केलं असतं. पण बाई तीस वर्षं ग्रंथपाल होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला, भिंतीकडे नापास पेपर बघावा तसं बघितलं आणि म्हणाल्या, "उत्तर चुकलं आपलं. प्रश्न मोघम झाला." आणि त्यांनी 'मावशी'पुढे 'नऊवारी' हा शब्द जोडला.

नऊवारी आली. म्हणजे चित्रात कुठेतरी होती. एका चित्रात ती खुर्चीच्या पाठीवर वाळत घातल्यासारखी टाकलेली होती.

"अजून मोघम आहे," बाई म्हणाल्या, आणि 'कोकण' लिहिलं.

मला पुढचं दिसलं होतं. मी धावत गेलो आणि प्रोजेक्टरच्या झोतासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. भिंत काळोखी झाली. मला क्षणभर बरं वाटलं. मग लोकांच्या नजरा बघून मी खाली पाहिलं. माझा पांढरा शर्ट होता, इस्त्रीचा. सगळ्या मावश्या त्याच्यावर आल्या होत्या.

मागच्या रांगेतून पहिला हसण्याचा फवारा आला आणि मग सभागृह कोसळलं. बचत गटाच्या ताई पदर तोंडाला लावून गदगदा हलत होत्या. "नाय गो, आमच्या वाडीत अशी एक पण नाय," आजी सगळ्यांना खात्री देत होत्या. कार्यवाह उभे राहून "बंद करा! बंद करा ते!" म्हणून ओरडत होते. मी बटण दाबलं. आमचा प्रोजेक्टर बंद करताना 'खरंच बंद करायचं आहे का?' असं विचारतो. तो प्रश्नही मोठ्या अक्षरात भिंतीवर आला आणि अध्यक्षांनी, त्यांना ओरडा ऐकू न येता तेवढंच वाचता आल्यामुळे, "आता कशाला? चालू दे की!" असं म्हटलं.

हसणं संपल्यावर कार्यवाहांनी मुद्दा काढला.

"हे यंत्र सवयीवर चालतं," ते म्हणाले. "आमचा पुतण्या पुण्याला याच धंद्यात आहे, त्याने सांगितलंय. जो जे बघतो ते याला कळतं, आणि मग हे तेच दाखवतं. सकाळी साडेसातला याच्यावर कोण बसतं?"

माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी अजून प्रोजेक्टरजवळच उभा होतो. मला काही बोलता आलं नाही. आणि न बोलणं म्हणजे कबुली, असं आमच्याकडे धरतात.

गुरुवारी कार्यकारिणीची बैठक ठरली. विषय दोन होते: संगणक बंद करणे आणि मदतनिसाला कमी करणे. पुढच्याच आठवड्यात एका सोसायटीत लेखनिकाच्या जागेसाठी माझी मुलाखत होती आणि तिथे वाचनालयाकडून वर्तणुकीचा दाखला न्यायचा होता. नोकरी गेली असती तर दुसरी शोधता आली असती. पण कशावरून गेली हे आईला कोणीतरी बाजारात, बोंबलाच्या वाट्यासमोर बसलेली असताना सांगितलं असतं. चोरीचा आळ आला असता तरी एवढं वाटलं नसतं. चोरी केली नाही हे निदान आईच्या डोळ्यांत बघून सांगता येतं. हे कुठल्या शब्दांत सांगणार होतो?

सोमवारी मी बाईंना म्हणालो, "बाई, मी खरंच..."

"कपाट क्रमांक चारला वाळवी दिसतेय," बाई म्हणाल्या. "आधी ते बघ."

मंगळवारी, बुधवारीही त्या या विषयावर बोलल्या नाहीत. मी चार नंबरचं कपाट दोनदा रिकामं करून भरलं. वाळवी नव्हती.

गुरुवारी पाच जण जमले. मला बाहेर बसायला सांगणार होते, पण बाई म्हणाल्या, "ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर असू दे. वाचनालयाचा नियम आहे." असा काही नियम नव्हता.

कार्यवाहांनी पुतण्याचा सिद्धांत पुन्हा मांडला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे, ज्याला सवय त्यालाच हे दिसतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग सगळ्यांनी आपापले मोबाईल काढा."

"कशाला?"

"प्रश्न नेमका करायला. तेच तीन शब्द घाला. मावशी, नऊवारी, कोकण."

खुर्च्या करकरल्या. एकाने चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता. अध्यक्ष डॉक्टरांना मात्र उत्साह आला. त्यांना टाईप करता येत नसे, ते फोनशी बोलून काम करत, आणि स्वतःला ऐकू यावं म्हणून ओरडून बोलत.

"मावशी! नऊवारी! कोकण!"

खालून बेकरीवाल्याचा आवाज आला, "काय हवंय डॉक्टर?"

डॉक्टर फोनकडे बघत राहिले. "अरेच्चा," ते म्हणाले. "माझ्या फोनवर तर रक्तदाब आणि हापूसचा भाव याशिवाय आजवर काही आलं नाही हो." त्यांनी फोन थोडा लांब धरला, थोडा जवळ धरला. "ह्यांना थंडी नाही का वाजत?"

दुसऱ्या सभासदाने घाबरत घाबरत शब्द घातले आणि फोन एकदम टेबलावर पालथा टाकला. "माझा नाही हा! हिचा आहे! माझा चार्जिंगला होता म्हणून हिचा घेऊन आलो!"

"म्हणजे सवय वहिनींना आहे का?" बाईंनी विचारलं.

"काहीतरीच काय बोलता, बाई! ती दिवसभर भजनं ऐकते त्याच्यावर."

"मीही तेच म्हणत्ये."

तिसऱ्याने फोन न दाखवताच हात वर केला, वर्गात चूक कबूल करावी तसा. चौथ्याचा फोन साधा, बटणांचा निघाला. त्याची सुटका झाली. राहिले कार्यवाह. त्यांनी बराच वेळ घेऊन एकेक अक्षर घातलं. सगळे वाट बघत होते. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी फोन ढालीसारखा उंच धरला.

"बघा! बघून घ्या!"

खरंच, त्यांच्या फोनवर काही नव्हतं. शुभेच्छांची कार्डं, गुलाबाची फुलं, एक नऊवारीचं दुकान, नारळाची झाडं. बाईंचा डाव बाईंवरच उलटला होता.

बाई उठल्या, कार्यवाहांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जरा बघू." त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलून तो नाकाजवळ नेला. पुस्तकाला कसर लागली आहे का बघताना त्या असंच करत. "इथे कोपऱ्यात लिहिलंय बघा. अश्लील चित्रं गाळण्याची सोय चालू आहे. ही गाळणी कोणी बसवली?"

"मला काय माहीत? फोन सूनबाईने लावून दिलाय."

"सूनबाईंनी."

"हो."

ते म्हणून झाल्यावर कार्यवाहांच्या लक्षात आलं. बाकीच्यांच्याही आलं. सासऱ्यांच्या फोनला सुनेने गाळणी का बसवली असेल, हा प्रश्न टेबलाच्या मधोमध येऊन बसला. डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं. दोन दिवसांत हा प्रश्न माळनाक्यापासून मांडवीपर्यंत गेला असता, याबद्दल मला शंका नाही. आणि खरं सांगतो, त्या क्षणी तो जावा असं मला वाटलं.

बाईंनी फोन कार्यवाहांच्या हातात परत दिला. "नातवंडं खेळतात ना तुमच्या फोनवर? म्हणून बसवली असणार. हुशार आहे हो सूनबाई. आपल्यापैकी एकालाही हे सुचलं नाही, मलासुद्धा नाही. माझंच चुकलं. तीस वर्षं कुठल्या कपाटाला कुलूप हवं हे मी ठरवत आल्ये, आणि या कपाटाला कुलूप असतं हेच मला ठाऊक नव्हतं."

कार्यवाहांनी गळ्याजवळचं बटण चाचपलं. ते बटण त्यांनी त्या दिवशी सोडलं, हे मी स्वतः पाहिलं.

"नातवंडं खेळतात," ते म्हणाले. "धाकटा फार उचापत्या आहे."

इतिवृत्त बाईंनीच लिहिलं. त्यात ठराव असा होता: 'माननीय कार्यवाहांच्या निदर्शनास आलेल्या सोयीनुसार वाचनालयाच्या संगणकास गाळणी बसवण्यात यावी.' मदतनिसाला कमी करण्याच्या विषयापुढे त्यांनी 'विषय मोघम असल्याने घेतला नाही' असं लिहिलं. कार्यवाहांनी सही केली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पदवीधर," ते म्हणाले, "राग नको हं." मला राग नव्हता. मी खुर्च्या आत सरकवायला लागलो.

गाळणी बसवल्यावर बाईंनी तेच तीन शब्द पुन्हा घातले. आता गुलाबाची फुलंच फुलं. आगळाच्या बाटलीवर लावण्यासारखी मावशी त्यात एकही नव्हती. बाईंनी गुलाब शेवटपर्यंत खाली सरकवून बघितले.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "आधी होत्या त्या मावश्या नव्हत्या. आता तर कोणीच नाही. इतक्या बायका आहेत आपल्याकडे, आणि एकीचाही धड फोटो कोणी घातला नाही?"

पुढच्या शनिवारी त्यांनी त्या आजींना बोलावून घेतलं आणि गच्चीवर बेकरीच्या धुराड्याशेजारी उभं करून मला फोटो काढायला लावला. आजी आल्या त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून.

"पदर डोक्यावरून घेऊ?"

"रोज घेता तसा घ्या," बाई म्हणाल्या.

"हसू काय?"

"हसावंसं वाटलं तर."

"त्या दिवशीच्या मावश्या आठवल्या की हसू येतंच गो बाय," आजी म्हणाल्या आणि अशा हसल्या की तोच फोटो बाटलीवर गेला. वरचे दोन दात नाहीत, डोळे मिटलेले, हात कोपरापर्यंत कोकमाने लाल. बाईंनी तो फोटो वाचनालयाच्या इंटरनेटवरच्या पानावरही चढवला आणि खाली नीट विषयवार लिहिलं: मावशी, नऊवारी, कोकण. सूचीत एक तरी नोंद बरोबर हवी, म्हणाल्या.

माझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी दाखला न्यायला त्यांच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी तो आपल्या हाताने लिहून ठेवला होता. मी धीर करून विचारलं, "बाई, त्या दिवशी कार्यवाह बोलले तेव्हा तुम्हाला एकदाही वाटलं नाही? माझ्याबद्दल?"

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, छे रे.

"वाटलं की," बाई म्हणाल्या. "का नाही वाटणार? तू तरुण मुलगा, एकटा बसतोस. रविवारी मी मुद्दाम येऊन कुलूप उघडलं आणि पाच महिन्यांची सगळी हिस्टरी वाचली. सकाळी साडेसात ते साडेआठ. दिवस गेला माझा."

त्या संगणकावर मी काही वाईट बघितलं नव्हतं. पण काय काय विचारलं होतं ते आठवायला लागलं, आणि ती चित्रं परवडली असं झालं.

"मुलाखतीत हात कुठे ठेवावेत," बाई शांतपणे सांगायला लागल्या. "इंग्रजी बोलताना घाम का येतो. कमी शिकलेल्या आईवडिलांबद्दल विचारलं तर काय सांगावं. ते तू तीनदा विचारलंयस. काही सांगायचं नाही, जे आहे ते सांगायचं. आणि हात मांडीवर ठेव."

"हो."

"विश्वास ठेवायचा म्हणून डोळे मिटून ठेवला असता, तर गुरुवारी माझा आवाज कापला असता. वाचलं होतं म्हणून नाही कापला. तुझं खासगी वाचलं, त्याबद्दल रागाव हवं तर."

मी मान हलवली. मला रागावता येत नव्हतं आणि वरही बघता येत नव्हतं.

"एक प्रश्न मात्र तू फार मोघम विचारलायस," बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसाला वाचायला शिकवायला किती दिवस लागतात? यंत्राने तुला नऊ हजार उत्तरं दिली आणि तू पुढे काहीच केलं नाहीस. कोणाला शिकवायचंय, कोणती अक्षरं आधी, किती वेळ मोकळा, हे नको का सांगायला?"

मी म्हणालो, "आईला. तिला दुपारी दोनला मोकळीक होते. मासळी विकून झाली की."

"दोन ते तीन," बाई म्हणाल्या. "चांगली वेळ आहे. नानकटाईच्या आधीची."

त्यांनी खण उघडून वाचनालयाचं सभासदाचं कार्ड काढलं. त्याच्यावर माझ्या आईचं नाव होतं. नेहमीच्या बारीक अक्षरात नव्हतं. जाड काळ्या शाईने, एकेक अक्षर सुटं, बोटाने गिरवता येईल एवढं मोठं. ते नाव पूर्ण लिहिलेलं मी तोवर फक्त रेशनकार्डावर पाहिलं होतं.

"सोमवारपासून घेऊन ये. पुस्तक नंतर देऊ. आधी हेच वाचायचं."

मी ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि जिना उतरून धावत बाजाराकडे सुटलो. वर्तणुकीचा दाखला टेबलावरच राहिला. तो न्यायला मला संध्याकाळी परत यावं लागलं.